अंधेरी ते मुलुंड, भावजींच्या जपानी गाडीतून

दहिसरच्या माणसाला मुलुंड कुठे आहे हे माहीत असतं, पण तिथे जावंसं वाटत नाही. पश्चिम रेल्वेवर आयुष्य काढलेल्या आम्हा लोकांसाठी मध्य रेल्वे म्हणजे परदेशच. तिकडे लग्नाला जायचं, जेवायचं आणि उजेड असेपर्यंत परत यायचं. मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. जपानची चार मुख्य बेटं अजून क्रमाने सांगेन. पण मुलुंडला पहिल्यांदा पाऊल ठेवलं ते गेल्या महिन्यात, आणि तेही जपानच्याच कृपेने.

त्याचं असं झालं. माझी धाकटी बहीण शैला कांदिवलीला राहते. तिचे यजमान अरविंदभावजी विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि त्यांनी गाडी घेतली. गाडीच्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. तीन अक्षरी आहे, तुम्ही ओळखाल. भावजींनी आजवर तिची इतकी फुकट जाहिरात केली आहे की माझ्या हातभाराची तिला गरज नाही. गाडी तीन रांगांची, घरात माणसं तीन. चौथी मी. गाडी शुक्रवारी मिळणार होती आणि रविवारी त्यांच्या मुलीसाठी, मुग्धासाठी, स्थळ बघायला, बघायला नव्हे, "भेटायला" मुलुंडच्या एका घरी जायचं होतं. आता बघायला कोणी जात नाही, सगळे भेटायलाच जातात.

"ताई, तू चलच," शैला फोनवर म्हणाली. "हे नव्या गाडीत एकटे बडबडत सुटतील. कोणीतरी गप्प करणारं हवं."

या कामाचा मला चाळीस वर्षांचा अनुभव आहे. मी गेले.

शुक्रवार, अंधेरी

अंधेरीच्या त्या शोरूममध्ये गाडी देत नाहीत, गाडीचं बारसं करतात. आमची गाडी लाल रेशमी कापडाखाली झाकून ठेवली होती. पुढे फुगे, बाजूला केक, एका ताटलीत हळदकुंकू आणि चार लिंबं. शेजारच्या खणात तशीच दुसरी गाडी आणि तसंच एक कुटुंब ताटकळत उभं होतं, कारण लाल कापड एकच होतं आणि ते आधी आमच्याकडे लागलं होतं. त्यांच्यातल्या आजीबाई आमच्याकडे अशा बघत होत्या की जणू आम्ही त्यांच्या मंगल कार्यालयात तास वाढवून बसलोय.

टाय लावलेला विक्रेता पुढे आला आणि जपानी पद्धतीने कमरेत वाकला. भावजीही वाकले. तो पुन्हा वाकला, भावजी पुन्हा वाकले. तो भाईंदरचा होता, हे आम्हाला नंतर पेढे खाताना कळलं.

मग प्लास्टिकची एक भलीमोठी किल्ली भावजींच्या हातात दिली, कापड ओढलं, सहा जणांनी टाळ्या वाजवल्या आणि कापड लगेच घडी घालून शेजारी नेलं. फोटो काढणारीने सांगितलं, "सर, थोडं इमोशनल व्हा ना." भावजींना सांगायची गरज नव्हती. त्यांचे डोळे आधीच भरले होते.

इथे या प्रेमाचा इतिहास सांगायला हवा, कारण पुढचे दोन दिवस आम्ही तो रोज ऐकला. जपानातल्या एका खेड्यात सुताराच्या घरी एक मुलगा होता. आई हातमागावर राबते हे बघून त्याने माग सुधारायला घेतला आणि पुढे असा माग केला की धागा तुटला की तो आपणहून थांबायचा. त्या मागाचे हक्क एका विलायती कंपनीला विकले आणि त्याच्या मुलाने त्या जोरावर मोटारींचं वेड घेतलं. एक अमेरिकन गाडी आणून स्क्रू न् स्क्रू सुटा केला आणि आत काय आहे ते बघितलं. घराण्याच्या नावातला एक उच्चार बदलून कंपनीला नाव दिलं, कारण ते जपानीत लिहिताना ब्रशचे आठ फटकारे लागतात आणि आठ तिकडे शुभ.

एवढं खरं असावं. बाकीचं भावजी घालतात. त्यांच्या कथेत आई मरताना मुलाकडून वचन घेते, तेही जपानीत. आठ फटकाऱ्यांचं मात्र त्यांना मनापासून पटलेलं आहे, कारण त्यांनी स्वतः एका अंकशास्त्र्याच्या सांगण्यावरून इंग्रजीत आपल्या नावाला शेवटी एक जास्तीचा डी लावून घेतला आहे. त्याने बढती मिळाली नाही, पण आधार कार्ड आणि पॅन कार्ड जुळेनासं झालं.

प्रेम जडलं ते मात्र जपानात नाही, कशेडी घाटात. चुलतभावाच्या लग्नाला कणकवलीला जाताना त्यांना बसायला याच कंपनीची जुनी चौकोनी गाडी मिळाली होती, पावाच्या लादीसारखी दिसणारी. घाटात वऱ्हाडाच्या बाकी गाड्या बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या राहिल्या आणि भावजींची लादी आख्खं वऱ्हाड बघत असताना वर चढून गेली. ज्या माणसाच्या सोसायटीची लिफ्ट बंद, पंप बंद, ऑफिसातला पंखा बंद, त्याला आयुष्यात पहिल्यांदा न थांबणारी एक वस्तू भेटली. पुढे ऐन चलतीत कंपनीने ती गाडी बंद केली आणि तिच्या जागी मोठी, देखणी आणली. त्या दिवशी भावजी जेवले नव्हते, असं शैला सांगते.

शोरूमच्या दारात भावजींनी खरी किल्ली मुग्धाच्या हातात दिली. कारण भावजींना गाडी चालवता येत नाही. लायसन्स आहे. तरुणपणी कांदिवलीच्या एका मोटर स्कूलमध्ये काढलेलं, आणि त्यातल्या फोटोत त्यांना केस आहेत.

"बाबा, बेल्ट," मुग्धा म्हणाली.

मुग्धा फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवते, त्यामुळे कुणाच्या किंचाळण्याने तिचा हात थरथरत नाही. चार लिंबं चिरडून आम्ही निघालो. प्रत्येक गतिरोधकावर भावजी "हळू, हळू" म्हणत स्वतःला सीटवरून उचलत होते, म्हणजे गाडीला वजन लागू नये.

शनिवार, मरोळ आणि घाटकोपर

शनिवारी घाटकोपरला भावजींच्या नानामामांना गाडी दाखवायची होती. शैला म्हणाली, वाटेत मरोळच्या बाजारातून मामांसाठी सुरमई घेऊ. गाडी बाजाराशी थांबेपर्यंत भावजी गप्प होते. मग म्हणाले, "नव्या गाडीत मासळी येणार नाही."

"मामा कोकणातले आहेत," शैला म्हणाली. "त्यांच्याकडे काय सफरचंदं घेऊन जाऊ?"

"सीटचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही अजून!"

"मग चांगलंच आहे की. पुसता येईल."

दोघं फूटपाथवर उतरून भांडू लागली. समोर कोळणी पाट्या मांडून बसलेल्या. त्यातली एक म्हणाली, "घ्या हो दादा, बायको बरोबर बोलते." मी मागे तिसऱ्या रांगेत गुडघे छातीशी घेऊन बसले होते. ही तिसरी रांग जपानी माणसाच्या मापाची आहे, मुंबईच्या निवृत्त शिक्षिकेच्या नव्हे. बाहेर शैलाने सुरमई घेतलीच आणि तेवढ्यात मधलं दार उघडलं, फोन कानाला लावलेली एक बाई आत बसली, दार ओढलं आणि म्हणाली, "भैया, साकीनाका. एसी जरा बढाओ."

मुग्धाने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. मग तिने काच खाली केली आणि ओरडली, "आई, बाबा, बसा! एक सवारी आहे!"

शैला मासळीची पिशवी घेऊन मागे माझ्याशेजारी कोंबली गेली, भावजी पुढे. बाई अजून फोनवर कुणाला तरी झापत होती. साकीनाका जवळ आला तसा भावजींचा धीर सुटला. ते मागे वळून म्हणाले, "मॅडम, ही टॅक्सी नाही."

तिने फोन खाली घेतला. सीटवरचं प्लास्टिक, पुढे झेंडूचा हार, मागे दोन बायका आणि एक सुरमई, असं सगळं बघितलं. "अय्या, सॉरी हो! मी नंबर बघितलाच नाही. पांढरी, लांब, नेहमी हीच येते ना."

"हीच नाही येत," भावजी म्हणाले. "ही जपानी आहे. हिच्या कंपनीच्या संस्थापकाची आई..."

"बाबा, साकीनाका," मुग्धा म्हणाली. बाई उतरली. उतरताना काचेत वाकून म्हणाली, "ताई, काय स्मूथ चालवता हो! पाच स्टार!"

भावजी घाटकोपरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

घाटकोपर हे एक वेगळंच राज्य आहे. आमच्याकडे दहिसरला डोसा म्हणजे डोसा. इथे कोपऱ्यावरच्या गाडीवर डोशात चीज, आईस्क्रीम आणि चॉकलेट असं सगळं एका तव्यावर चाललेलं बघितलं आणि तो खाणारी माणसं हसत होती. माझी हिंमत झाली नाही. मुग्धाने खाल्ला आणि म्हणाली, "मावशी, वाईट नाहीये, फक्त डोसा नाहीये."

नानामामा एकेकाळी गिरणीत साच्यावर होते, म्हणजे विणकामाच्या मागावर. आता वय झालंय, पण तोंड शाबूत आहे. भावजींनी त्यांना खिडकीशी नेऊन खालची गाडी दाखवली आणि मोठ्या आवाजात मागाची कथा सांगितली. त्यांना वाटलं, गिरणीवाल्या माणसाला ही गोष्ट भिडेल. धागा तुटतो, माग थांबतो, मग एकच माणूस कितीतरी मागांवर लक्ष ठेवू शकतो, ही केवढी मोठी कल्पना!

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सगळे साचे एकटोच बगी?"

"हो ना!"

"मगे बाकीचे खंय गेले?"

जपानच्या सगळ्या इतिहासात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "ते... गेले असतील दुसरीकडे."

"गेले आसतले," मामा म्हणाले. "आमी पण गेलंव." मग काठी घेऊन उठले. "चल, माका पुढे बसव. काच खाली घाल. त्या परबाक माझा तोंड दिसाक होया."

परब म्हणजे समोरच्या इमारतीतले, मामांशी कधीपासून अबोला असलेले. कारण दोघांनाही आठवत नाही. आम्ही परबांच्या खिडकीखालून तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या दोन फेऱ्यांना परब खिडकीत नव्हते, म्हणून तिसऱ्या फेरीला मामांनी पुढे वाकून स्वतः हॉर्न दाबला. परब आले, बघितलं आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. मामांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते शोरूममधल्या सहा जणांच्या टाळ्यांनी भावजींच्या चेहऱ्यावरही आलं नव्हतं.

"गाडी बरी आसा," उतरताना ते म्हणाले. "आवाज येना नाय. पण अरविंदा, तू कित्याक इतको आवाज करतंस?"

रविवार, मुलुंड

मुलुंड पूर्वेला उतरल्यावर मला पहिला धक्का बसला तो झाडांचा. रस्त्याला दुतर्फा झाडं, आणि त्यांच्याखाली लोक चक्क चालत होते. आमच्याकडे फूटपाथवर चालायला जागा मागावी लागते. मुलुंडच्या लोकांना या गोष्टीचा माज आहे, आणि तो सबनीसांच्या दारातच दिसला. "आलात? फार लांबून आलात हो," सबनीसबाई म्हणाल्या, जसं काही आम्ही बोटीने आलो होतो.

सबनीस हे मुलाचे, निखिलचे, वडील, बँकेतून निवृत्त. सबनीसबाई गृहिणी. निखिल एका सॉफ्टवेअर कंपनीत. देखणा मुलगा, इस्त्रीचा शर्ट, आवाज हळू. मुग्धा आणि तो आधी दोनदा बाहेर भेटले होते आणि तिला तो आवडला होता. हे ती बोलली नव्हती, पण सकाळी तिने दोन ड्रेस काढून परत ठेवले तेव्हा मला कळलं होतं.

कोथिंबीर वड्या आल्या. वड्या फार चांगल्या होत्या, हे मला न्यायाने सांगितलं पाहिजे. सबनीस बाल्कनीत गेले, खाली बघितलं आणि म्हणाले, "ती पांढरी तुमची? किल्ली बघू."

भावजींनी लगबगीने किल्ली दिली. सबनीसांनी बाल्कनीतूनच बटण दाबलं. खाली पीक पीक झालं. पुन्हा दाबलं. पुन्हा पीक पीक.

"हिची कथा मोठी आहे बरं का," भावजी सुरू झाले. "जपानातल्या एका खेड्यात..."

"ते असू दे," सबनीस आत येऊन बसले. किल्ली त्यांच्याच हातात. "पण ही गाडी त्यांची नाहीच ना. दुसऱ्या कंपनीची आहे. तीही जपानीच, पण दुसरी. हे लोक घेतात आणि पुढचा बिल्ला बदलतात. बाहेर टॅक्सी म्हणून फिरते ती बहीणच हिची. तुम्हाला माहीत असेलच."

भावजींना माहीत होतं. त्यांचा चेहरा बघताच मला कळलं. मोठी गाडी त्यांच्या आवाक्यातली नव्हती. मग ज्या नावाची माळ एवढी वर्षं ओढली ते नाव ज्या गाडीवर मिळालं ती घेतली, आणि आम्हाला कुणालाच हे सांगितलं नाही. मी दोन दिवस या माणसाची मनातल्या मनात टिंगल करत होते, पण त्या क्षणी सबनीसांच्या तोंडून ती मला ऐकवेना. शैलाने पदर सारखा केला. तिलाही आत्ताच कळलं होतं.

"नाही... म्हणजे हो," भावजी म्हणाले. "पण सर्व्हिस त्यांची असते."

"असू दे हो," सबनीसबाई गोड हसल्या. "मुलांना काय, चालेल. आम्हाला काही नकोच आहे. आमच्याकडे देण्याघेण्याची पद्धतच नाही. पण मुलीला इथून कांदिवलीला येण्याजाण्याला सोय हवी ना? गाडी मुलीच्याच नावावर घेतली असेल तुम्ही."

ज्या गाडीला आत्ताच टॅक्सी म्हटलं, तीच आता यांना हवी होती.

मुग्धाने निखिलकडे बघितलं. निखिलने वडी उचलली आणि ती चटणीत नीट, सगळ्या बाजूंनी बुडवली.

"तशी... हिला भाऊ नाही, म्हणजे आम्हाला मुलगा नाही," भावजी चाचपडले, "एकच मुलगी आहे, तेव्हा जे आहे ते तिचंच..." आणि मला वाटलं, झालं, हा माणूस आता देऊन टाकणार. हसत हसत, जपानची गोष्ट ऐकवून, वर धन्यवाद म्हणून. आयुष्यभर बाहेरच्या कुणाला नाही म्हटलेलं मी त्यांना ऐकलं नव्हतं. वाण्यालासुद्धा नाही.

"तेच म्हणते मी," सबनीसबाई म्हणाल्या. "आणि तिला गाडी चालवायची गरज नाही पडणार. निखिल चालवेल की. बायकांना या ट्रॅफिकमध्ये कशाला..."

भावजी उठून उभे राहिले आणि सबनीसांपुढे हात केला. "किल्ली द्या."

"अहो बसा, कॉफी येतेय."

"किल्ली द्या, सबनीस."

सबनीसांना गंमत वाटली. त्यांनी किल्ली दुसऱ्या हातात घेतली. "अहो, आम्ही काय पळवून नेतोय का?"

"माझी मुलगी मला इथपर्यंत घेऊन आली," भावजी म्हणाले. आवाज चिरकला होता, पण थांबला नाही. "मरोळ, साकीनाका, घाटकोपर, सगळीकडून. एक ओरखडा नाही. ती गाडी चालवते म्हणून मी घेतली. ती चालवणार नसेल तर या गाडीचा मला काही उपयोग नाही, आणि तुम्हाला तर नाहीच, तुमच्या मते ती टॅक्सी आहे. किल्ली."

सबनीसांनी किल्ली दिली. भावजींनी ती मुग्धाच्या हातात ठेवली, आणि आम्ही कॉफी न घेता निघालो. लिफ्टमध्ये शैलाने माझा हात घट्ट धरला होता. ती रडतेय असं वाटून मी बघितलं, तर ती हसू दाबत होती.

खाली आल्यावर भावजी फूटपाथच्या कडेला झाडाखाली बसले. "शैले, मी फार बोललो का गं?"

"बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मुद्द्याचं बोललात," शैला म्हणाली. "आणि बिल्ल्याचं काय ते घरी गेल्यावर बघते मी."

सगळ्यांना कडकडून भूक लागली होती. स्टेशनच्या बाजूला एका मिसळवाल्याकडे बसलो. मुलुंडची मिसळ आमच्याकडच्यापेक्षा तिखट आहे आणि तर्री मागायची लाज बाळगावी लागत नाही, एवढं मी नोंदवून ठेवते. भावजींनी नाकातून पाणी येईपर्यंत खाल्ली आणि अजून एक मागवली. मुग्धा चमच्याने मटकी इकडून तिकडे करत होती. मी तिला काही विचारलं नाही. दोन ड्रेस काढून परत ठेवणाऱ्या मुलीला अशा वेळी काय विचारायचं?

फोन वाजला. निखिलचं नाव दिसलं. तिने लगेच उचलला नाही, मग उचलला. समोरून तो काय बोलला ते अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. आई तशीच बोलते, तिच्या मनात काही नसतं, तू मनावर घेऊ नकोस, आपण दोघं परत भेटू.

"आई बोलली ते मी ऐकलं, निखिल," मुग्धा म्हणाली. "तू काय बोललास ते ऐकायला मी थांबले होते."

तो काहीतरी पुटपुटला.

"तू वडी खात होतास," ती म्हणाली. "खा. सावकाश खा."

तिने फोन ठेवला. भावजींचा चमचा हवेतच थांबला होता. "काय म्हणाला गं?"

"काही नाही, बाबा," मुग्धा म्हणाली. डोळे लाल झाले होते, मिसळीने म्हणा किंवा कशानेही. तिने बापाच्या ताटलीतला पाव उचलला, तर्रीत बुडवला आणि खायला सुरुवात केली.